यात्रा, तमाशा आणि एक राहिलेली पावती

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल आपल्या भैरवनाथाच्या शिखरावर कलश चढला. तो क्षण ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांचे भाग्य थोर. समितीने आज मला यात्रेच्या परंपरेवर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, आणि नोकरी तालुका कचेरीत कारकुनाची. आमची लेखणी 'सविनय सादर' म्हणून सुरू होते आणि 'आदेशार्थ' म्हणून थांबते. तेव्हा बोलण्यात कमी-जास्त झाले तर लेकरू समजून पोटात घालावे.

यात्रेची परंपरा म्हटली की पालखी, काठ्या, शेरणी, महाप्रसाद, कुस्त्यांचा आखाडा हे सारे आलेच. त्यावर या स्मरणिकेत जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. मी बोलणार आहे ते ज्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही त्यांच्याविषयी. यात्रेच्या दिवशी दुपारी एक ट्रक चिंचेखाली येऊन थांबतो. रात्री त्यांचा खेळ होतो, दुसऱ्या दिवशी पारावर हजेरी होते, आणि दुपारी ट्रक धुरळा उडवीत निघून जातो. ही तमाशाच्या फडाची माणसे. त्यांच्याविषयी मी बोलतो, कारण दोन हंगाम मी त्यांची भाकरी खाल्ली आहे.

देवळाच्या सभामंडपात तमाशाचा विषय काढला म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. तमाशाचा पहिला शब्द कोणता? गण. म्हणजे गणपतीचे नमन. त्याच्या मागून गौळण, म्हणजे श्रीकृष्णाची आठवण. मग बतावणी, मग लावण्या, आणि शेवटी वग. देवाचे नाव घेतल्याशिवाय फड उभा राहत नाही. आणि आपल्या भागात तो येतो तोही देवाच्याच यात्रेला.

आपला पुणे-नाशिक रस्ता हा या कलेचा राजरस्ता आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सिन्नरहून निघा, नांदूर शिंगोटे मागे टाका, संगमनेर लागते. त्याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा. पठ्ठे बापूराव नावाचे शाहीर म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. या ब्राह्मण शाहिराने पवळाबाईंच्या साथीने सारा महाराष्ट्र गाजविला. संगमनेरातच कांताबाई सातारकर स्थायिक झाल्या. त्यांनी पुरुषांच्या भूमिका केल्या, प्रत्यक्ष शिवाजी महाराज रंगमंचावर उभे केले, आणि मे 2021 मध्ये कोरोनाच्या साथीत त्या गेल्या. पुढे चंदनापुरीचा घाट, घारगाव, बोटा, आळेफाटा, आणि मग नारायणगाव. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचे हे गाव आणि त्या घरातल्या विठाबाईंचेही.

विठाबाईंची एक हकीगत तमाशात लहान पोरालाही ठाऊक असते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळाला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 2002 साली त्या वारल्या तेव्हा मात्र घरात पैशाची ओढ होती. आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते ही समाधानाची गोष्ट आहे.

नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे त्या फडाचे कार्यालयच. बाहेर फलक, आत फडमालक किंवा त्याचा व्यवस्थापक, समोर तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, भाव करतात, सुपारी ठरते, बयाणा हातावर पडतो आणि तारीख पक्की होते. आपल्या गावचे पंचही वर्षानुवर्षे तिथे गेलेले आहेत. येताना द्राक्षे आणि फडाचे हँडबिल घेऊन येत, हे मला लहानपणापासून आठवते.

आता मी या मंडळींत कसा गेलो ते सांगतो.

माझे मामा ढोलकी वाजवीत. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, हलगी वाजवीत. आजोबा आपल्या या यात्रेलाही एका फडाबरोबर येत असत असे आई सांगे. त्या काळी देवळाच्या खालच्या अंगाला एक मोठा दगड होता. आमच्या मंडळींनी त्या दगडापर्यंत यायचे. गणाचा आवाज गाभाऱ्यात जाई, गाणाऱ्याचा पाय मात्र पायरीवर जात नसे. आपल्याच जिल्ह्यात 2 मार्च 1930 पासून काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच एका पायरीसाठी. आज तो दगड राहिला नाही आणि त्याच आजोबांचा नातू सभामंडपात ध्वनिक्षेपकासमोर उभा आहे. जीर्णोद्धार म्हणजे नुसते दगड-चुन्याचे काम नव्हे असे मी म्हणतो ते यासाठी.

मी बारावीला इंग्रजीत गेलो. 1997 साल असेल. घरी बसून काय करणार म्हणून मामा म्हणाले, "चल भाच्या, आमच्या फडात हिशेब लिहायला माणूस नाही. तुझं अक्षर बरं आहे." दसऱ्याला मी त्यांच्याबरोबर निघालो. 1997 ते 1999 असे दोन हंगाम काढले.

आमचा फड लहान. मोठ्या फडांचे तंबू असतात, तिकीट असते, शंभराच्या वर माणसे आणि चार-पाच वाहने असतात. आमचा बिगर-तंबूचा फड. म्हणजे गावाने सुपारी द्यायची, खेळ उघड्यावर, बघणाऱ्याला फुकट. माणसे मिळून अठ्ठावीस आणि ट्रक एक. फडाच्या मालकीण एक पन्नाशीच्या बाई होत्या. साऱ्यांच्या त्या आक्का. ऐन उमेदीत स्वतः नाचलेल्या, पुढे वगात राणीचे किंवा सासूचे काम करीत. ढोलकीवाले दोन, एक हलगी, पेटीवाला एक, तुणतुणे आणि कडे धरणारे सुरते, एक सोंगाड्या, एक मावशी, नाचणाऱ्या पाच जणी. बाकीचे स्वयंपाकी, सामान चढवणारे, ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, आणि आयांच्या पाठीमागे असलेली तीन-चार पोरे.

ट्रकमध्ये सामान लावण्याची एक रीत असे. तळाला बोर्डाच्या फळ्या आणि बांबू. त्यावर कपड्यांच्या लोखंडी पेट्या. त्यावर गोधड्या. गोधड्यांवर माणसे. ढोलक्या मात्र गोधडीत गुंडाळून मामा मांडीवर घेऊन बसत. मी एकदा म्हणालो, "मामा, खाली ठेवा की, पाय अवघडतील." ते म्हणाले, "पाय मोकळा करता येतो. हिची शाई फुटली तर संध्याकाळी काय वाजवू?" थंडीच्या दिवसांत दव पडले की कातडे उतरते. हलगी तर शेकोटीवर तापवल्याशिवाय बोलतच नाही. खेळ सुरू होण्याआधी बोर्डाच्या मागे चार काटक्या पेटवून हलगी शेकणे हे जणू त्यांचे संध्याकाळचे दिवा-अगरबत्ती.

दिवसाचे वेळापत्रक सांगतो. तेव्हा रात्री दहा-अकराला गण सुरू होई आणि वग संपेपर्यंत तांबडे फुटे. तोंडाचा रंग पुसून तास-दोन तास पाठ टेकायची. नऊ वाजता पारावर हजेरी. हजेरी म्हणजे देवासमोरची सेवा, ती चुकवायची नाही. मग भाकरी खाऊन सामान चढवायचे. पन्नास-साठ मैल प्रवास. दुपारी तीन-चारला पुढचे गाव. तिथे उतरले की पहिला प्रश्न एकच, पाणी कुठे आहे? दुसरा प्रश्न बायका विचारत नसत, पण त्यांच्या डोळ्यांत असे, की आडोसा कुठे आहे?

माता-भगिनींपुढे बोलतो, क्षमा असावी, पण हे बोलायलाच हवे. रात्री पाच-सहा हजारांच्या समोर नाचलेल्या बाईला सकाळी अंघोळीला चार भिंती नसत. ट्रकच्या एका बाजूला दोन लुगडी बांधायची, दोघींनी धरायची, तिसरीने घाईघाईने दोन तांबे अंगावर घ्यायचे. आणि गावातली रिकामी पोरे पलीकडच्या बांधावर उभी. पायातल्या चाळांनी घोट्याला जखमा झालेल्या असत. त्यावर हळद लावून चिंधी बांधायची आणि रात्री त्याच चिंधीवर पुन्हा चाळ चढवायचे.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या यात्रा, पौषात मालेगावकडे चंदनपुरी, आणि चैत्र-वैशाखात श्वास घ्यायला सवड नाही इतके गावोगावचे जत्रे. लहान फडाचा खरा पैसा या शेवटच्या दोन महिन्यांतला. पोटाला मात्र बारा महिने लागते. म्हणून हंगामाच्या आधीच प्रत्येक जण मालकाकडून उचल घेई. मालकीणबाई ती उचल सावकाराकडून व्याजाने आणीत. पावसाळ्यात चार महिने घरी बसून ती उचल संपे आणि दसऱ्याला पुन्हा नवी. माझ्या वहीत नावापुढे पगाराचा आकडा आणि त्याखाली उचलीचा आकडा असे. दोन हंगामांत एकाचीही बाकी शून्य झालेली मी पाहिली नाही. पोरांच्या शाळेचे तर विचारूच नका. ज्यांची आजी-आजोबांकडे सोय झाली ती शिकली. ट्रकवर राहिली त्यांचे नाव हजेरीपटावरून कमी झाले.

तरी ती माणसे रडत बसलेली मी पाहिली नाहीत. ट्रकमध्ये सोंगाड्या चालत्या गाडीत त्या-त्या गावच्या पाटलाची नक्कल करी आणि घाटाची चढण कशी संपली ते कळत नसे. ट्रक पंक्चर झाला तर रस्त्याच्या कडेला पेटीवाला नव्या चालीची तालीम घेई. आजारी सुरत्याचे काम दुसरा न सांगता उचली आणि त्याचा पगार आक्का कापीत नसत. फड म्हणजे चाकांवरचे एक गावच. फक्त त्या गावाला सात-बारा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभा राहिलो ती सांगतो. ही गोष्ट सव्वीस-सत्तावीस वर्षे माझ्या छातीवर आहे.

1999 सालच्या चैत्रात आमच्या फडाला एका यात्रेची सुपारी मिळाली. अकरा हजार ठरले. बयाणा तीन हजार. ते गाव दुसरे-तिसरे कोणतेही नव्हे, आपलेच.

मला वास्तविक आनंद व्हायला हवा होता. पण मी वीस वर्षांचा होतो. गावात माझे शाळासोबती होते, कोणी कॉलेजात, कोणी कारखान्यात. तमाशाच्या ट्रकमधून गावात उतरायची मला लाज वाटली. फड चिंचेखाली उतरला तसा मी ट्रकच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. डोक्याला मफलर गुंडाळला. भर चैत्रात मफलर. मामांनी पाहिले. बोलले काही नाहीत.

रात्री खेळ सुरू झाला. गण झाला, गौळण झाली, लावण्या रंगल्या. वग अर्ध्यावर आला आणि अवकाळी पाऊस कोसळला. बोर्डावरचा पडदा फाटला, दिवे गेले, माणसे पांगली. पहाटे पंच हिशेबाला बसले. त्या वर्षी वर्गणी पुरती जमलेली नव्हती हेही खरे आहे. पंच म्हणाले, "खेळ अर्धा झाला, पैसेही त्या मानानेच मिळतील." आठ हजार येणे होते, त्यांतले साडेतीन हजार हातावर ठेवले. आक्का म्हणाल्या, "पाटील, पाऊस काय आम्ही आणला? डिझेल तर पूर्ण लागलं. पोरींनी अंगावरचं सोनं गहाण ठेवून उचल फेडायची का?" पाटील काही बोलले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. अडचणीत होते. त्या पंचांपैकी आज बहुतेक हयात नाहीत. त्यांना नावे ठेवावीत म्हणून मी हे सांगत नाही.

मला बोल लावायचा आहे तो मलाच. मी त्या गावचा मुलगा, ते पंच मला नावाने ओळखत होते. मी पुढे होऊन म्हणू शकलो असतो, "काका, ही माझी माणसं आहेत. हिशेबाची वही माझ्या हातात आहे. यांचे पैसे बुडवू नका." मी उठलो नाही. मफलर बांधून ट्रकच्या चाकाला टेकून बसलो. आक्कांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिले. त्यांना माझे गाव ठाऊक होते.

पंच गेल्यावर आक्कांनी मला हाक मारली. "भाच्या, वही काढ. साडेचार हजार येणे म्हणून लिवलंस का?" मी म्हणालो, "लिहिले." त्या म्हणाल्या, "खोड ते. देवाला दिले असं लिव्ह."

मी तसे लिहिले. ती दोनशे पानी वही आज माझ्या हातात आहे. मंडळींना पाहायची असेल तर खाली ठेवतो. चैत्रातले पान. 'येणे रु. 4,500' यावर काट मारलेली आहे आणि पुढे 'देवाला दिले' असे माझ्याच अक्षरात आहे.

एवढे झाल्यावर मला वाटले, आता ट्रक भरायचा. पण आक्का उठल्या, ओले केस बांधले आणि म्हणाल्या, "चला, हजेरीला उशीर होतोय." ओल्या काटक्या पेटत नव्हत्या, हलगी काही तापेना. मामांनी ढोलकी अंगातल्या सदऱ्याने पुसली. पारावर चिखल होता. त्या चिखलात उभे राहून त्यांनी देवाला गण म्हटला. समोर पंधरा-वीस माणसे असतील. मी तेव्हाही ट्रकपाशीच होतो.

तो हंगाम संपला आणि मी फड सोडला. 2001 साली वडील नोकरीत असतानाच वारले. ते कचेरीत शिपाई होते. अनुकंपा तत्त्वावर मी लागलो आणि पुढे कारकून झालो.

या मधल्या काळात पुष्कळ बदलले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. आजारी माणूस, शिकणारी मुले यांच्यासाठी तो नियम योग्यच आहे. पण पहाटेपर्यंत चालणारा वग त्यामुळे आखडला. गाण्यांच्या फर्माइशी वाढल्या, डीजे आला, ऑर्केस्ट्रा आला. आणि 2020 साली तर पाडव्याच्याच दिवशी, 25 मार्चला, सारा देश बंद झाला. ज्या दिवशी नारायणगावात सुपाऱ्या फुटायच्या त्याच दिवशी राहुट्या ओस. ते वर्ष गेले, पुढचे वर्षही गेले. घेतलेली उचल फिटेना, ट्रक दारात गंजले. ढोलकीवाले भाजीची गाडी ओढू लागले, कोणी कांद्याच्या खळ्यावर रोजंदारीला गेले.

2021 च्या पावसाळ्यात माझ्या टेबलापुढे एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. उत्पन्नाचा दाखला हवा होता. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, त्यासाठी तो लागतो. मी अर्ज पाहिला, मान वर केली. आक्का! त्यांनीही ओळखले. "वहीवाला भाचा ना तू?"

मी त्यांना बसवले, चहा मागवला. कागद तपासले. उत्पन्नाचा दाखला काही अवघड नव्हता, उत्पन्नच नव्हते. अडचण होती ती पुराव्याची. अर्जदार इतकी वर्षे कलावंत होता हे कागदाने सिद्ध करावे लागते. त्यांच्याकडे एक पिवळा पडलेला फोटो आणि अर्धे फाटलेले हँडबिल. चाळीस वर्षांत शेकडो गावांच्या देवांपुढे त्या उभ्या राहिल्या असतील. पण कोणत्याही गावाने 'या बाईंनी आमच्या यात्रेत सेवा केली' असा चार ओळींचा कागद दिलेला नव्हता. आम्ही कारकून मंडळी कागद मागतो, आणि मागावाच लागतो. पण कागद देणे हे कोणाचे तरी काम आहे याचा विचार माझ्या मनात त्या दिवशी प्रथम आला.

उठताना आक्का हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या गावचं देऊळ नवं बांधायचं घाटतंय म्हणे. बरं झालं. आमचे साडेचार हजार आहेत त्यात. देवाची पावती तेवढी अजून आली न्हाई."

त्यांनी थट्टेने म्हटले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. पुढे त्यांचा अर्ज मी जमेल तिथपर्यंत पाठपुरावा करून पाहिला. मंजुरी येण्यापूर्वीच त्या गेल्या.

आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक चार साथीदार घेऊन गावोगाव हिंडले, आयुष्यभर गाणी रचली आणि गायिली. 2004 साली ते गेले, आणि आजही लोक त्यांचे नाव घेतात. त्यांचे शब्द लोकांनी जपले म्हणून ते राहिले. पण ज्यांनी नुसती ढोलकी वाजवली, नुसते तुणतुणे धरले, ज्यांनी नुसते चाळ बांधले, त्यांचे काय राहिले? माझी एक वही राहिली आहे. ती कधीतरी वाळवी खाईल.

म्हणून समितीपुढे मी नम्रपणे तीन मागण्या ठेवतो. कारकुनाच्या सवयीने क्रमवार सांगतो.

पहिली मागणी. देवळामागच्या जुन्या ओवरीत सध्या मंडपाचे सामान आणि भांडी ठेवली आहेत. नव्या भक्तनिवासात भांड्यांसाठी खोली झालेली आहे. तेव्हा ओवरी मोकळी करून यात्रेला येणाऱ्या फडासाठी ठेवावी. दार, कडी, दिवा, पाण्याचा नळ, आणि बायकांसाठी न्हाणी व संडास. समितीकडे बांधकामाची जी शिल्लक आहे तीत हे काम होईल असे गवंड्याने मला सांगितले आहे. ज्यांनी काल कलशासाठी हात दिला ते यालाही देतील.

दुसरी मागणी. फडाचे ठरलेले पैसे खेळ सुरू होण्यापूर्वी द्यावेत. पाऊस आला, वीज गेली, तर तो दैवाचा भाग, तो गरिबाच्या हिशेबात धरू नये.

तिसरी मागणी. देवस्थानाने एक नोंदवही ठेवावी. जो फड येईल त्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव, काम आणि तारीख तीत लिहावी. पेटीवाल्यापासून पोरीपर्यंत, ट्रकच्या क्लीनरचेही. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात देवस्थानाच्या शिक्क्याचे पत्र द्यावे. खर्च काय? कागदाचा आणि शाईचा. पण वीस वर्षांनी त्यातल्या एखाद्या आक्काला कुठल्या तरी टेबलापुढे हात हालवत उभे राहावे लागणार नाही. ही वही लिहिण्याचे काम मी स्वतः विनामूल्य करीन, आणि या वेळी डोक्याला मफलर बांधणार नाही.

आणि मागण्यांच्या पलीकडे एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे. पाच लाखांपासून एकशे एक रुपयांपर्यंत सर्वांची नावे आहेत. काही ठिकाणी 'एक भाविक' असेही आहे. त्या यादीत आणखी एक ओळ घालावी. आक्कांच्या मुलीशी मी बोललो. त्या म्हणाल्या, आईचे नाव छापू नका, ती फडाच्या नावाने दिलेली रक्कम होती आणि फड सगळ्यांचा. तेव्हा 'एक तमाशा फड, रुपये 4,500, सन 1999' एवढेच छापावे. ती रक्कम रोख म्हणून आज मी स्वतःच्या खिशातून समितीच्या खजिनदारांकडे देत आहे. माझे ते दान नव्हे. माझ्या मफलरीचे ते देणे आहे. पावती मात्र फडाच्या नावाने फाडावी. ती मी आक्कांच्या मुलीकडे पोहोचवीन.

मंडळी, देऊळ नवे झाले. पायऱ्या रुंद झाल्या. चढताना कोणाला अडवणारा दगड उरला नाही. आता पुढच्या चैत्रात चिंचेखाली ट्रक येऊन थांबेल तेव्हा उतरणाऱ्या माणसांना गावाने 'या, बसा, पाणी घ्या' एवढे म्हणावे. देव तर त्यांचे ऐकतोच. आपणही ऐकावे.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर गण-गौळणीचा कार्यक्रम आहे. ढोलकीला माझे मामा बसणार आहेत. वय झाले आहे, हात थोडा कापतो, पण सम चुकत नाही. सभामंडपाच्या आत बसून या देवापुढे वाजविण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांचा वेळ मी जास्त घेत नाही. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा मागतो आणि माझे दोन शब्द पुरे करतो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!